कुटुंब पेन्शन जादा जमा झाली, आता परत मागतात: का, किती आणि कशी फेडायची

"चूक बँकेची, मग पैसे आम्ही का भरायचे?" कुटुंब पेन्शनच्या वसुलीचं पत्र घरात आलं की पहिला प्रश्न हाच निघतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात असं पत्र दुर्मीळ नाही, कारण इथं पेन्शनवर चालणारी घरं पुष्कळ आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं फौजेतून निवृत्त झालेल्यांची कुटुंबं गावोगावी आहेत. पोस्ट आणि रेल्वेतले आहेत, कर्नाटक सरकारचे शिक्षक आणि कारकून आहेत, शिवाय नोकरी कागल-गडहिंग्लजकडे आणि घर इकडे असे महाराष्ट्राचे पेन्शनरही आहेत. कर्ता माणूस गेल्यावर आईच्या खात्यात दरमहा रक्कम येते, घर तिच्यावर चालतं, आणि तीन-चार वर्षांनी कुणीतरी सांगतं की यातले काही लाख तुमचे नव्हतेच.

हा लेख त्या घरातल्या मुला-मुलींसाठी आणि सुनांसाठी आहे, कारण कागद घेऊन धावपळ त्यांनाच करावी लागते. माझं म्हणणं आधीच सांगतो. "आम्ही का भरू" या वादात बहुतेक वेळा हार होते. "नेमके किती आणि कोणत्या हिशोबानं" या प्रश्नात मात्र बरंच काही हाती लागतं. आपली ताकद दुसऱ्या प्रश्नावर लावावी.

परत का करावे लागतात

पेन्शनचा हक्क नियमातून आणि पीपीओतून, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशातून येतो, खात्यात रक्कम पडली म्हणून नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७२ मध्ये साधी गोष्ट सांगितली आहे: चुकीनं ज्याला पैसे दिले गेले, त्यानं ते परत केले पाहिजेत. चूक देणाऱ्याची होती म्हणून हे कर्तव्य आपोआप संपत नाही. घेणाऱ्यानं ते पैसे औषधाला किंवा नातवाच्या फीला खर्च केले, तरीही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये चंडीप्रसाद उनियाल विरुद्ध उत्तराखंड राज्य या खटल्यात हीच भूमिका घेतली. नियमाचा आधार नसताना दिलेला पैसा हा जनतेचा पैसा आहे, आणि तो वसूल करण्यासाठी घेणाऱ्यानं फसवणूक केलेली असायलाच हवी असं नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

दुसरं कारण कागदोपत्री आहे. पेन्शन सुरू होताना बँकेत एक हमीपत्र सही करून घेतात. "हक्कापेक्षा जास्त रक्कम जमा झाल्यास ती परत करीन, बँकेनं ती वळती करून घ्यावी" असा त्याचा आशय असतो. दहा फॉर्मांच्या गठ्ठ्यात तोही एक असतो, बोटानं दाखवलेल्या जागी सही किंवा अंगठा होतो, आणि पुढे कुणाला आठवत नाही. वाद झाला की हाच कागद सर्वात जड पडतो.

वसुली ही शिक्षा नव्हे, हे आईला घरात नीट समजावून सांगा. पुष्कळ म्हाताऱ्या बायका पत्र आलं की आपल्यावर चोरीचा आळ आला असं धरून बसतात. नुसत्या वसुलीच्या पत्रात तसा आरोप नसतो. माहिती मुद्दाम लपवली असेल तर गोष्ट वेगळी, आणि तसं म्हणणं असेल तर ते पत्रात स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

जादा रक्कम येते कुठून

सर्वात मोठं कारण म्हणजे वाढीव दर वेळेवर खाली न येणं. केंद्र सरकारच्या नियमांत कुटुंब पेन्शनचे दोन दर आहेत. वाढीव दर शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के, साधा दर ३० टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर वाढीव दर ७ वर्षे, किंवा गेलेली व्यक्ती ज्या दिवशी ६७ वर्षांची झाली असती तोपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढाच मिळतो. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर १० वर्षे, आणि तिथं ६७ ची अट नाही. त्यानंतर रक्कम ३० टक्क्यांवर यायला हवी. खाली आणणं हे पेन्शन देणाऱ्याचं काम असतं. ते राहून गेलं तर आईला काही कळत नाही, कारण तिच्या दृष्टीनं पेन्शन जशीच्या तशी चालू असते. फौजेतल्या साध्या कुटुंब पेन्शनची चालही अशीच आहे, पण लढाईत किंवा सेवेच्या कारणानं मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या विशेष आणि लिबरलाइज्ड पेन्शनचे नियम वेगळे आहेत. तिथं हा ५०-३० चा हिशोब लावला असेल तर लगेच हरकत घ्या.

दुसरं कारण पतीच्या मृत्यूनंतर त्यांच्याच खात्यात पडत राहिलेली पेन्शन. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दिवसापर्यंत मिळतं आणि कुटुंब पेन्शन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. दिवसकार्य होईतो कुणी बँकेत जात नाही, मग मृत्यूचा दाखला यायला वेळ लागतो, आणि तोवर एटीएम कार्ड घरातच असतं. ते पैसे काढले गेले की बँक पुढे "मृत्यूनंतर काढलेली रक्कम" म्हणून सगळी मागते. इथं एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. त्याच महिन्यांची कुटुंब पेन्शन आईला देणं होतंच. ती वजा करून जो फरक उरेल तेवढीच खरी जादा रक्कम. वाढीव दर लागू असेल तर कुटुंब पेन्शन पतीच्या पेन्शनइतकी असू शकते, आणि पतीनं पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घेतला असेल तर ती कपात कुटुंब पेन्शनला लागत नाही. म्हणजे हिशोब नीट मांडला तर कधीकधी देणं शून्यावर येतं, किंवा उलट बँकेकडूनच येणं निघतं.

बाकी कारणं थोडक्यात. मुलाच्या नावावर पेन्शन चालू होती आणि तो २५ वर्षांचा झाला, त्याला नोकरी लागली किंवा त्याचं लग्न झालं, पण कुणी कळवलं नाही. मुलीचं लग्न झालं. पुनर्विवाह झाला. पेन्शनचं खातं एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना दोन्हीकडून रक्कम आली. यात कळवण्याची जबाबदारी घराची असते, त्यामुळे तिथं वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

पहिलं काम: पेन्शन कोणाची ते ठरवा

आपल्या भागात हा टप्पा वगळला की पुढची सगळी धावपळ वाया जाते. पैसे एकाच बँकेच्या एकाच शाखेत येत असले तरी मंजुरी देणारी कार्यालयं वेगळी असतात. कर्नाटक सरकारच्या कर्मचाऱ्याचा पीपीओ बेंगळुरूच्या महालेखापाल कार्यालयातून येतो आणि काम बेळगावच्या जिल्हा खजिना कार्यालयातून किंवा तालुक्याच्या उपखजिन्यातून चालतं. महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्याला कोल्हापूरच्या कोषागाराकडे पाहावं लागतं. तिथला प्रश्न घेऊन बेळगावच्या खजिन्यात रांग लावून उपयोग नाही, तिथले लोक फाईल उघडूही शकत नाहीत. फौजी पेन्शन आता बहुतांश 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून येते आणि तिची सूत्रं प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे असतात. पोस्ट, रेल्वे आणि इतर केंद्रीय खात्यांचं आणखी वेगळं. वर दिलेले ५० आणि ३० टक्क्यांचे कालावधी केंद्राच्या नियमांतले आहेत. राज्याच्या पेन्शनला ते जसेच्या तसे लावू नका. तिथं पीपीओवर जी तारीख असेल ती धरा.

पत्र आल्यावरचे पहिले काही दिवस

पत्र ज्या दिवशी हातात आलं ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा आणि पाकीट टाकू नका. राज्याचं पत्र कन्नडमध्ये असेल. त्यात 'कुटुंब पिंचणी', 'हेच्चुवरी' म्हणजे जादा आणि 'वसूलाती' म्हणजे वसुली हे शब्द दिसले तर विषय हाच आहे असं समजा. मग पूर्ण पत्र जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, कारण मुदत आणि रक्कम यांत गफलत परवडत नाही.

बँकेतून "मावशी, इथं एक सही करा" असं सांगून संमतीपत्र पुढे केलं, तर वाचल्याशिवाय सही नको. ते घरी आणा. त्यात "रक्कम मान्य आहे" असं वाक्य असतं, आणि एकदा मान्य केल्यावर हिशोबावर बोलणं अवघड होतं. शाखेतले लोक दुष्ट असतात असं नाही. त्यांना वरून फाईल बंद करायची घाई असते, एवढंच.

पेन्शन अचानक कमी आली आणि पत्रच नाही, असंही घडतं. तेव्हा शाखेकडे लेखी विचारा: कपात कोणत्या आदेशानं, किती रकमेची, किती महिने. सूचना न देता आणि म्हणणं न ऐकता वसुली सुरू करणं ही स्वतःच एक हरकत आहे, ती अर्जात नोंदवा.

पीपीओ आणि पासबुक समोर ठेवून हिशोब

पीपीओवर मृत्यूची तारीख, वाढीव दर आणि तो कोणत्या तारखेपर्यंत, मग साधा दर, असं सगळं छापलेलं असतं. पीपीओ सापडत नसेल तर पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे प्रतीसाठी अर्ज करा. बँकेकडून त्या संपूर्ण काळाचा खातेउतारा घ्या. पासबुकावर 'पेन्शन' एवढंच येतं, म्हणून मूळ रक्कम आणि महागाई मदत वेगळी दाखवणारा महिनावार तपशीलही मागा.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा पोस्टातले एक कर्मचारी, जन्म १ जानेवारी १९५७, शेवटचा मूळ पगार ४०,००० रुपये. मार्च २०१९ मध्ये ते वारले. मृत्यूपासून ७ वर्षे मोजली तर मार्च २०२६ येतं, पण ६७ वर्षे डिसेंबर २०२३ अखेरच भरतात. जे आधी ते धरायचं. म्हणून वाढीव दराचे २०,००० रुपये डिसेंबर २०२३ पर्यंत, आणि जानेवारी २०२४ पासून १२,०००. प्रत्यक्षात जून २०२५ पर्यंत २०,००० च येत राहिले. मूळ रकमेतला फरक महिन्याला ८,००० रुपये, आणि त्यावरची महागाई मदत. ही मदत जानेवारी २०२४ पासून ५० टक्के होती, जुलै २०२४ पासून ५३ आणि जानेवारी २०२५ पासून ५५. म्हणजे पहिले ६ महिने दरमहा १२,००० प्रमाणे ७२,००० रुपये, पुढचे ६ महिने १२,२४० प्रमाणे ७३,४४०, आणि शेवटचे ६ महिने १२,४०० प्रमाणे ७४,४००. एकूण २,१९,८४० रुपये.

कार्यालयानं कंटाळा करून अठराही महिन्यांना ५५ टक्केच लावले तर मागणी २,२३,२०० होते. ३,३६० रुपयांचा फरक. लहान वाटतो, पण पाच-सात वर्षांच्या वसुलीत हाच आळस मोठी रक्कम होतो. महिना, मिळालेली रक्कम, मिळायला हवी होती ती रक्कम आणि फरक, असे चार रकाने वहीत आखा आणि प्रत्येक महिना भरा. नातवाला एक्सेल येत असेल तर उत्तमच.

लेखी उत्तर कसं असावं

एका पानाचं. वर पीपीओ क्रमांक, त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, ते हाती आल्याची तारीख. मग मागण्या: जादा रक्कम कोणत्या नियमानं ठरवली, महिनावार तक्ता, वसुलीच्या आदेशाची प्रत, आणि आईनं सही केलेल्या हमीपत्राची प्रत. शेवटी विनंती, की हे मिळून आमचं म्हणणं ऐकेपर्यंत कपात थांबवावी. आईची आजारपणं, औषधाचा मासिक खर्च आणि घरात दुसरं उत्पन्न नसल्याची बाब दोन ओळींत लिहा, पण रडगाणं नको. पोच घेतलेली प्रत जपून ठेवा.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे येतोच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, त्यामुळे मराठी अर्ज नाकारता येत नाही. हक्क आहेच. तरी काम लवकर व्हावं असं वाटत असेल तर मराठी अर्जासोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. हक्काची लढाई आणि आईची पेन्शन एकाच टेबलावर लढू नये, असं मला वाटतं.

सरळ उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, मुदत ३० दिवस.

माफी मागता येते का

काही परिस्थितींत येते. सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या निकालात वसुली करू नये अशा पाच परिस्थिती सांगितल्या. आपल्या कामाच्या अशा: तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांकडून वसुली, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून वसुली, जादा रक्कम आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तेव्हाची वसुली, आणि जिथं वसुली केल्यानं होणारा अन्याय सरकारच्या हक्कापेक्षा जड ठरेल ती वसुली. केंद्राच्या कार्मिक विभागानं २ मार्च २०१६ च्या आदेशात हे निकष सर्व खात्यांना कळवले, मात्र प्रत्यक्ष माफीला वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाची संमती लागते.

हा निकाल मोबाईलवर फिरत असतो आणि "आता कुणीच वसूल करू शकत नाही" असं त्याच्याखाली लिहिलेलं असतं. ते खरं नाही. २०१६ मध्ये जगदेव सिंग यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की जादा रक्कम परत करण्याचं हमीपत्र ज्यानं दिलं आहे तो त्याला बांधील आहे. म्हणून तर हमीपत्राची प्रत मागायची. बँकेला ते दाखवता आलं नाही तर तुमची बाजू बळकट होते. दाखवलं, तर पूर्ण माफीचा आग्रह सोडून हप्त्यांकडे वळणं शहाणपणाचं. काळ पाच वर्षांहून मोठा असेल, आई ऐंशीच्या पुढे असेल आणि चूक सरळसरळ देणाऱ्याची असेल, तर माफीचा अर्ज जरूर करा. दोन वर्षांची वसुली असेल आणि पीपीओवर तारीख स्वच्छ छापलेली असेल, तर वकिलाच्या फीपेक्षा हप्ते स्वस्त पडतात.

हप्ते

एकरकमी भरण्याची सक्ती मान्य करू नका. बँकांच्या जुन्या कार्यपद्धतीत महिन्याच्या पेन्शनच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही अशी मर्यादा होती, तो आकडा विनंतीत आधार म्हणून वापरता येतो. परिस्थिती हलाखीची असेल तर त्याहूनही कमी मागा. वरच्या उदाहरणात साधी पेन्शन महागाई मदतीसह सुमारे १८,६०० येते. दरमहा ४,००० चा हप्ता मान्य झाला तर ५५ महिने लागतात, आणि घर चालू राहतं. व्याज लावणार नाही हे लेखी घ्या. आणि एक लक्षात असू द्या: बँकेच्या चुकीनं जादा रक्कम गेली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे बँकेनं ती सरकारला लगेच एकरकमी द्यायची असते, पेन्शनरकडून वसूल होवो वा न होवो. म्हणजे "सरकारचे पैसे अडकलेत, आजच भरा" ही घाई बँकेची स्वतःची असते.

वसुली चालू असताना आईचं निधन झालं तर वारसांना त्यांच्या पगारातून भरावं लागत नाही. देणं तिनं मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच असतं.

दाद कुठं मागायची

बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेत लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार होते, माहितीसाठी क्रमांक १४४४८. केंद्रीय पेन्शनरांना सीपेनग्राम्स हे तक्रार संकेतस्थळ आहे. फौजी कुटुंबांनी स्पर्शवर तक्रार नोंदवून तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला द्यावी. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, ही आपली मोठी सोय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही अर्ज लिहून देण्यात मदत करतं. न्यायाधिकरणाची वेळ आलीच तर फौजींसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, त्याचं पीठ बेंगळुरूला आहे. कर्नाटक सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाचं पीठ बेळगावात आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा.

फोनवर कुणी "पेन्शन ऑफिसातून बोलतोय, जादा रक्कम आत्ता या नंबरवर टाका, नाहीतर पेन्शन बंद" म्हणालं तर तो भामटा समजा. वसुली खाजगी मोबाईल नंबरवर होत नाही आणि ओटीपी कुणी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

उलट बाजूही तपासा

हिशोबाची वही उघडली आहे तर आईला कमी मिळालेलं काही आहे का तेही पाहा. केंद्राच्या नियमांत कुटुंब पेन्शनर ८० वर्षांची झाली की मूळ कुटुंब पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या कितीतरी बायकांची जन्मतारीख पीपीओवर लिहिलेलीच नसते, त्यामुळे ही वाढ आपोआप लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा शाळेचा दाखला जोडून जन्मतारीख नोंदवण्याचा अर्ज त्याच पत्रासोबत द्या. १२,००० च्या मूळ पेन्शनवर २० टक्के म्हणजे महिन्याला २,४०० रुपये आणि वर महागाई मदत. आई ८२ वर्षांची असेल तर मागच्या दोन वर्षांची ही थकबाकी आधी काढायला लावा आणि वसुलीच्या रकमेतून ती वजा करून मगच हप्ता ठरवून घ्या.